हॉब, शेगडी का इंडक्शन? ओटा कापायच्या आधी सांगा (कोल्हापूर)

कळंबा_रिटर्न्स
नमस्कार मंडळी. नऊ वर्षं पुण्यात भाड्याच्या घरात काढून परत गावात आलोय, कळंब्याकडं टू बीएचके घेतलाय, फ्लॅट जुनाच आहे पण किचन सगळं काढून नवीन करायचंय. ट्रॉलीवाला म्हणतोय आता सगळे बिल्ट-इन हॉबच (ओटा कापून त्यात बसवलेली शेगडी) घेतात, चार बर्नरचा घ्या, ग्रॅनाईटला कटआऊट मारून देतो, ओटा कसा सपाट दिसतोय बघा. आई म्हणती तीन बर्नरची साधी शेगडी आण, पुसताना उचलता येती. बायकोला इंडक्शन पाहिजे कारण पुण्यात आमचं निम्मं जेवण त्यावरच व्हायचं. ग्रॅनाईटवाला गुरुवारी येणार आहे आणि एकदा कटर चालला की मागं फिरता येत नाही, म्हणून विचारतोय. घरात चौघं, रोज भाकरी, बुधवार-रविवार मटण, आणि पाहुणे म्हणाल तर आईचं माहेर गडहिंग्लजला असल्यामुळं कधी पण पाच-सहा माणसं वाढतात. वापरणाऱ्यांनीच सांगा, यूट्यूब बघून डोकं उठलंय.

रश्श्याची_वाटी
मी सांगतो. (पुण्यातून आलाय म्हणून आधीच सांगून ठेवतो, मी बाईच आहे, पेठेतली आहे, आम्ही असंच बोलतो.) चार वर्षांपूर्वी ६० सेंटीमीटरचा चार बर्नरचा हॉब बसवला. दिसायला नाद खुळा. पण २४ इंचात चार बर्नर म्हणजे काय होतं ते दुकानात कळत नाही, कारण दुकानात त्याच्यावर एक चिमुकलं सॉसपॅन ठेवलेलं असतं. माझा भाकरीचा तवा बारा इंची. तो पुढच्या बर्नरवर ठेवला की मागचा बर्नर गेला आणि शेजारचा अर्धा गेला. रविवारी दोन किलो मटणाचं पातेलं एका बाजूला, तवा दुसऱ्या बाजूला, झालं, हॉब भरला. पांढऱ्याचं भांडं ठेवायला जागा नाही. चार बर्नरचे पैसे दिले आणि वापरतो अडीच.

दुसरं म्हणजे उतू गेल्यावर. शेगडी उचलून खाली पुसता येती, हॉब चिकटलेला असतोय. तांबड्याचा तवंग एकदा बर्नरच्या कडेनं आत गेला की तो आतच, खालची ट्रॉली उघडली की वास येतोय. एक मात्र कबूल करतो, उंचीला बरा. माझी उंची पाच फूट, आधी शेगडीवर मोठं पातेलं असलं की पाटावर उभं राहून ढवळायला लागायचं, आता तसं नाही.

ओटा_ट्रॉली_आणि_मी
याच धंद्यात आहे त्यामुळं पक्षपात धरून वाचा. वरच्या ताई म्हणतायत ते खरं आहे, पण चूक हॉबची नाही, मापाची आहे. आपल्याकडं गिऱ्हाईक बर्नर मोजतंय, रुंदी मोजत नाही. ६० सेंटीमीटरवर चार बर्नर कधीच घेऊ नका, त्या मापात दोन किंवा फार तर तीन. भाकरीचं घर असेल तर ७५-८० च्या पुढं जा, आणि जिथं तवा ठेवणार तो मोठा बर्नर कडेला पाहिजे, मधे नको.

उंचीचा मुद्दा लोक शेवटी विचारतात, खरं तर पहिला तोच. ओटा साधारण ३२ ते ३४ इंच असतो, त्यावर शेगडी ठेवली की जाळी अजून चार-पाच इंच वर जाते. हॉबमधे ती वाढ दोनेक इंचांवर येते. आईंची उंची किती? बुटक्या असतील तर एकतर हॉब, नाहीतर शेगडीपुरता ओटा चार इंच खाली उतरवून घ्या, फक्त तो खड्डा शेगडीपेक्षा दोन्हीकडून दोन-दोन बोटं मोठा ठेवा, नाहीतर उद्या दुसरी शेगडी बसणार नाही.

आणि एक मधला मार्ग आहे, हॉबटॉप म्हणून मिळतो. दिसायला हॉब, पण खाली पाय लावून नुसता ओट्यावर पण ठेवता येतो आणि वाटलं तर कटआऊटमधे पण बसतो. आधी सहा महिने ओट्यावर वापरा, आवडला तर कापा.

कळंबा_रिटर्न्स
आई ४ फूट ११. हे हॉबटॉप प्रकरण माहितीच नव्हतं, ट्रॉलीवाल्यानं नावसुद्धा काढलं नाही.

रश्श्याची_वाटी
कशाला काढंल :)

बिडाचा_तवा
शिरोलीला फौंड्रीत आहे. आमच्याकडं इंडक्शन फर्नेसवर रोज टनानं बीड वितळतंय, चौदाशे डिग्रीपर्यंत धातू जातोय, आणि घरी गेलं की आमची आई म्हणती इंडक्शनवर काय भाकरी होत नाही. आणि गंमत म्हणजे दोघं पण बरोबर आहेत.

तत्त्व एकच. काचेखाली तांब्याची कॉईल, तिच्यातून जास्त फ्रिक्वेन्सीचा करंट जातो, त्याच्या चुंबकीय क्षेत्रामुळं भांड्याच्या बुडातच करंट फिरतो आणि बूड स्वतः तापतं. काच तापते ती भांड्यामुळं. म्हणून बुडाला लोहचुंबक चिकटला पाहिजे. बीड, लोखंड चालतं. ॲल्युमिनियमची पातेली, तांबं, पितळ, नुसती मातीची भांडी नाही चालत. स्टीलमधे पण सगळं स्टील नाही, जिथं चुंबक चिकटत नाही ते स्टील कामाचं नाही. आता कोल्हापुरातल्या कुठल्याही घरात जावा, मोठी पातेली निम्म्याच्या वर ॲल्युमिनियमची. ती सगळी बदलायचा खर्च धरा.

भाकरी का होत नाही तर घरगुती इंडक्शनची कॉईल असते सात-आठ इंचाची. तवा बाराचा. मधला भाग करपतोय आणि कडा कच्ची. बिडाचा जाड तवा असेल तर उष्णता हळूहळू कडेला पोचते, दहा मिनिटं मंद तापवला तर चपातीपुरतं जमतं, पण भाकरीला जाळ लागतोच, तव्यावरनं उचलून जाळावर टाकल्याशिवाय ती टम्म फुगत नाही. आणि बिडाचा तवा काचेवर घासू नका, चरे पडतात, आपटला तर काच गेली.

पुणेरी_पाहुणा
इन्फ्रारेड नावाचा प्रकार आहे की. त्याला कुठलंही भांडं चालतं, ॲल्युमिनियम, माती, सगळं. वर जाळी ठेवून भाकरी फुगवता येते, वांगं भाजता येतं. आम्ही गेली दोन वर्षं वापरतोय.

बिडाचा_तवा
बरोबर हाय, पण ती शेवटी काचेखालची तापलेली तारच. आधी तार तापणार, मग काच, मग भांडं. इंडक्शनपेक्षा युनिट जास्त खातंय, बंद केल्यावर पण काच बराच वेळ गरम राहती, आणि लहान पोरं असतील तर लाल दिसायचं बंद झालं म्हणजे गार झालं असं समजून हात लावतात. भरताच्या वांग्यासाठी ठीक.

मीटर_बघून_घाम
सगळे चवीवर बोलताय, जरा आकड्यावर बोलू. घरगुती सिलिंडर १४.२ किलोचा. एक किलो एलपीजीत साधारण १२.७ युनिट एवढी उष्णता असते म्हणजे सिलिंडरभर झाली १८० युनिट. पण ती सगळी भांड्यात जात नाही, तिसरा हिस्सा जाळ भांड्याच्या कडेनं छताकडं जातोय. आपल्या आयएस ४२४६ या मानकात शेगडीची औष्णिक कार्यक्षमता किमान ६८ टक्के लागते, पण ती प्रयोगशाळेत, आपल्या घरी वारं, काजळी, छोट्या भांड्याखाली मोठा बर्नर हे सगळं धरून ६५ धरा. म्हणजे भांड्यात पोचली ११७ युनिट. इंडक्शन ८५ टक्के धरलं तर तेवढंच काम करायला १३८ युनिट वीज लागेल. म्हणजे ढोबळ हिशोब, एक सिलिंडर म्हणजे १४० युनिट.

आता सिलिंडर समजा ८५० ला पडला तर भागिले १४०, सहा रुपये सात पैसे. तुमचा वाढीव युनिट याच्यापेक्षा स्वस्त असेल तर इंडक्शन, महाग असेल तर गॅस. महावितरणच्या घरगुती बिलात टप्पे आहेत, १०० पर्यंत, मग ३०० पर्यंत, मग ५००. बिलाच्या मागं बघा, १०० च्या वरचा युनिट वहन आकार धरून सहाच्या बराच वर जातोय. आणि इंडक्शनचे युनिट हे वरचे युनिट असतात, कारण फ्रिज, पंखे, टीव्हीनं पहिले १०० आधीच खाल्लेले असतात. आमच्या घरी आम्ही हौसेनं तीन महिने सगळं इंडक्शनवर केलं आणि बिल थेट ३०० युनिटांच्या वर उडी मारून गेलं, तेव्हापासून माझं हे नाव.

गच्चीवर_ऊन
हे सगळं बरोबर, फक्त माझ्या छतावर पॅनेल आहेत त्यामुळं मला उलटं लागू. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅट बसवलं, ७८,००० सबसिडी आली. दिवसाला किलोवॅटमागं चारेक युनिट येतात, पावसाळ्यात कमी. नेट मीटर आहे म्हणजे दुपारी महावितरणला दिलेलं रात्री परत घेता येतं. आता गॅस फक्त भाकरी आणि फोडणीला, सिलिंडर दोन-अडीच महिने जातोय, आधी महिना-सव्वा महिना जायचा. पण हे स्वतःचं छत असणाऱ्यांना. फ्लॅटमधे सोसायटीच्या मीटिंगला बसून बघा, सोलरवरनं सुरू होतं आणि पार्किंगवर संपतं.

कळंबा_रिटर्न्स
फ्लॅटच आहे, टेरेस सामायिक. म्हणजे मला ८५० भागिले १४०.

बायको_कळंब्याची
मी त्यांचीच. इंडक्शन मला पाहिजे असं त्यांनी लिहिलंय, का पाहिजे ते लिहिलंच नाही. मला सकाळी सातला डबे करायचे असतात आणि मे महिन्यात गॅससमोर उभं राहून जो घाम निघतो तो यांच्या हिशोबात कुठल्या युनिटात बसतो? इंडक्शनवर कुकर लावला, टायमर टाकला, आंघोळीला गेले. गॅसवर शिट्ट्या मोजत बसावं लागतं. पंखा पण लावता येतो, जाळ विझायची भीती नाही. भाकरी त्यावर करायची असं मी कधी म्हटलंच नव्हतं.

रश्श्याची_वाटी
वैनी एक नंबर. ह्यांचा हिशोब चुलीत घाला.

मीटर_बघून_घाम
मान्य. घाम धरला नव्हता, नाव असून.

गॅसचे_दाजी
मी शेगड्या दुरुस्त करतो, वीस वर्षं झाली. चार गोष्टी सांगतो, पटल्या तर घ्या.

काचेची शेगडी मी माझ्या घरी घेणार नाही. टफन्ड असती, एरवी मजबूत, पण तिच्यावर गरम तवा उतरवून ठेवायची सवय असली, किंवा बर्नरच्या मापापेक्षा लई मोठं पातेलं दोन-दोन तास ठेवलं की उष्णता खाली परत येती, आणि बारीक चरा आधीच पडला असला तर एक दिवस एकदम फुटून बारीक तुकडे. वर्षाला चार-पाच तरी बघतो. मटणाची पातेली चढवणाऱ्या घरात स्टीलची घ्या, दिसायला साधी पण पोरांच्या लग्नापर्यंत जाती.

बर्नर पितळेचा घ्या आणि हातात उचलून बघा, जड पाहिजे. हलका म्हणजे आत पितळ कमी. जाळी बिडाची किंवा जाड, पातळ पत्र्याची जाळी दोन वर्षांत वाकती आणि मग पातेलं डुलतंय. जाळ निळा पाहिजे. पिवळा झाला आणि भांडी काळी पडायला लागली की गॅस संपत आला म्हणून सिलिंडर हलवत बसू नका, बर्नरची भोकं आणि जेट (गॅस ज्या बारीक भोकातनं येतो तो तुकडा) साफ करून घ्या, हवा मिळत नाहीये.

तिसरं, सिम. लोक फुल्ल जाळ बघून शेगडी घेतात, मी म्हणतो सिमवर ठेवून बघा. पांढऱ्या रश्श्यात नारळाचं दूध घातल्यावर जाळ मोठा राहिला तर फुटतोय, सगळ्यांना माहिताय. स्वस्तातलं इंडक्शन कमी वॅटवर ठेवलं की ते खरं कमी होत नाही, फुल्ल चालू-बंद, चालू-बंद करतं, मधनं मधनं उकळी फुटती. गॅसला सिम मोठा राहत असेल तर नळाच्या आत बारीक स्क्रू असतो, त्यानं कमी करता येतो, दहा मिनिटांचं काम. पण स्वतः करू नका, मेकॅनिककडनं करून घ्या.

चौथं, हॉब घेतला तर सिलिंडर ट्रॉलीच्या आत जातो. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो. दाराला खालच्या बाजूला जाळी पाहिजेच, ट्रॉलीवाले वर दोन भोकं पाडून देतात त्याचा उपयोग नाही. नळी बीआयएस मार्कची, दीड मीटरच्या वर नको, पाच वर्षांनी बदला, चांगली दिसली तरी. वास आला तर बटणं दाबायची नाहीत, ना चालू ना बंद, खिडक्या उघडा, रेग्युलेटर बंद, आणि बाहेर जाऊन १९०६ ला फोन.

ओटा_ट्रॉली_आणि_मी
भोकांच्या बाबतीत दाजींना अनुमोदन, मी खालीच पाडतो :) एक भर घालतो, फ्लेम फेल्युअर म्हणून सोय येते, जाळ उतू जाऊन विझला तर थर्मोकपल (जाळाशेजारची उष्णता ओळखणारी कांडी) गार होतं आणि गॅस आपोआप बंद होतो. वयस्कर माणसं असतील तर हे असलेलंच घ्या.

रश्श्याची_वाटी
माझ्या हॉबला आहे ते. पेटवताना बटण तीन-चार सेकंद दाबून धरावं लागतं, सासूबाई लगेच सोडतात, मग विझतो, मग परत, मग "तुमची ही फॉरेनची शेगडी" म्हणून मला ऐकवतात. दोन महिने गेले सवय व्हायला. पण मामंजी पहाटे पाचला चहा ठेवून पेपरात घुसतात, त्यांच्यासाठी देवासारखं आहे.

नागाळा_पार्क_२०१९
सगळ्यांनी भाव, काच, बर्नर काढलं, पूर कुणी काढला नाही. ऑगस्ट २०१९. पंचगंगेला ४३ फूट धोका पातळी, त्याच्या किती वर गेली ते आपण सगळ्यांनी बघितलंय. वीज गेली ती दिवसच्या दिवस. इंडक्शन म्हणजे काचेचा पाट झाला, इन्व्हर्टरवर चालेल म्हणाल तर घरचा इन्व्हर्टर दोन हजार वॅट ओढत नाही. आणि गॅसवाल्यांनी पण फार हसू नका, हायवे शिरोलीजवळ पाण्याखाली गेल्यावर गाड्याच यायच्या थांबल्या, सिलिंडर पण मिळेनात. आम्ही दुसऱ्या मजल्यावर अडकलेलो, शेवटचा सिलिंडर हलका झालेला, तर भात आणि पिठलं एवढंच, चहा दिवसातनं एकदा. २०२१ ला परत तेच. तेव्हापासून भरलेला जादा सिलिंडर कायम घरात आणि जुलै आला की आधीच बुकिंग. कळंबा उंचावर आहे, तुम्हाला पाणी येणार नाही, पण लाईट आणि गाड्या तुमच्या पण बंद होतात.

पुणेरी_पाहुणा
पाईपचा गॅस घ्या मग, बुकिंगची कटकट नाही.

गॅसचे_दाजी
जिथं लाईन आलीय तिथं घ्या की. पण सिलिंडरची शेगडी तशीच जोडून चालत नाही, पाईपच्या गॅसला जेटचं भोक मोठं लागतं. तसंच जोडलं तर जाळ बारीक येतोय आणि लोक म्हणतात पाईपला प्रेशर नाही. जेट बदलून मिळतात, घेतानाच विचारून ठेवा. आणि ज्यांनी इंडक्शनला सहा अँपिअरच्या साध्या पिनमधे लावलंय त्यांनी आजच बोर्डाला हात लावून बघा. दोन हजार वॅट म्हणजे पावणेनऊ अँपिअर, सोळाचाच सॉकेट पाहिजे. नवीन किचन करताय तर ओट्याच्या कोपऱ्यात सोळाचा पॉईंट आत्ताच काढून घ्या, नंतर टाईल्स फोडायला लागतात. आणि इंडक्शनच्या खालच्या पंख्याच्या जाळीतनं झुरळं आत जातात आणि बोर्ड उडतोय, माझ्याकडं येणारी निम्मी इंडक्शनं झुरळांनी मारलेली असतात.

बिडाचा_तवा
अवांतर: भाकरी जाळावर फुगवायची का तव्यावर फडक्यानं दाबून यावर वेगळा धागा काढा राव, इथं सुरू झालं तर गुरुवार उलटून जाईल.

रश्श्याची_वाटी
फडकं?? कोल्हापुरात?

कळंबा_रिटर्न्स
अपडेट. बुधवारी संध्याकाळी आईला घेऊन लक्ष्मीपुरीत गेलो, आणि बाजाराच्या पिशवीत बारा इंची तवा आणि मटणाचं पातेलं टाकून नेलं. दुकानदार आधी हसला, मग त्यानं स्वतःच एकेक मॉडेलवर ठेवून दाखवायला सुरुवात केली. ६० चा चार बर्नर पहिल्याच फटक्यात बाद, तवा आणि पातेलं कानाला कान लावून. ७८ सेंटीमीटरचा तीन बर्नरचा हॉबटॉप बघितला, तवा डाव्या कडेला, पातेलं उजवीकडं, मधे पांढऱ्याचं भांडं, सगळं मोकळं बसलं. पण काचेचा. आई म्हणाली नको. मग स्टीलचा मागवला, तो दुकानात नव्हता, आठवडा लागेल म्हणाला. फ्लेम फेल्युअर आहे, आईनं बटण दाबून धरायची प्रॅक्टिस दुकानातच चार वेळा केली आणि चारही वेळा लवकर सोडलं.

ग्रॅनाईटवाल्याला कटआऊट नको म्हणून सांगितलं, शेगडीपुरता ओटा चार इंच खाली, दोन्हीकडून दोन बोटं सोडून. पलीकडच्या कोपऱ्यात सोळाचा पॉईंट, बायकोचं इंडक्शन तिथं. ट्रॉलीवाल्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं, म्हणाला "सर, तुमचं किचन जुन्या पद्धतीचं दिसेल". सिलिंडरच्या दाराला खाली जाळी मारायला सांगितली तर म्हणाला त्याचे वेगळे पडतील.

गॅसचे_दाजी
किती मागतोय जाळीचे?

कळंबा_रिटर्न्स
साडेसहाशे.

गॅसचे_दाजी
दोनशेच्या वर देऊ नका.